टीममध्ये महाराज होते, तरी भारताचा पहिला टेस्ट कॅप्टन नागपूरचा सीके झाला

आज टीम इंडियाचा कॅप्टन कोण असावा यावर सोशल मीडियावर दोन-दोन दिवस भांडणं चालतात. पण एक काळ असा होता, की कॅप्टन व्हायला रन काढायची गरजच नव्हती. नावाआधी महाराज लागलं, की काम झालं.

१९३२ साली भारताची टीम आपली पहिली टेस्ट खेळायला इंग्लंडला गेली. कॅप्टन होते पोरबंदरचे महाराज आणि व्हाईस कॅप्टन होते लिंबडीच्या राजघराण्यातले घनश्यामसिंहजी. पण लॉर्ड्सवर प्रत्यक्षात टीम घेऊन उतरला तो नागपूरचा एक माणूस. त्याच्याकडे ना गादी होती, ना संस्थान.

कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच सीके.

३१ ऑक्टोबर १८९५ ला सीकेंचा जन्म नागपुरात झाला. घराणं तेलुगू, पण नागपुरात स्थिरावलेलं. आजोबा वकील, वडील इंग्लंडमध्ये शिकून आलेले. नागपुरातच सीकेंची शाळा झाली आणि शाळेच्या टीमपासूनच त्यांची बॅट बोलायला लागली.

१९१६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन अशी मॅच होती. त्या काळी टीम धर्मावर ठरायच्या. २१ वर्षांचे सीके तळाला बॅटिंगला आले तेव्हा हिंदूंच्या ७ विकेट गेल्या होत्या. त्यांनी पहिले तीन बॉल अडवले आणि चौथ्यावर सिक्स हाणला. फर्स्ट क्लास क्रिकेटमधलं खातं असं उघडलं.

१५३ रन आणि ११ सिक्स

पण देशभर नाव झालं ते डिसेंबर १९२६ मध्ये. आर्थर गिलिगनची एमसीसी टीम भारतात आली होती. मुंबईच्या जिमखाना मैदानावर गाय अर्लने ८ सिक्स मारत १३० रन कुटले. दुसऱ्या दिवशी सीके मैदानात आले आणि दोन तासांच्या आत १५३ रन ठोकून गेले. त्यात ११ सिक्स होते. बातमी शहरात पसरली तशी माणसं कामधंदा सोडून मैदानाकडे पळाली. एमसीसीने त्यांना चांदीची बॅट भेट दिली.

या खेळीचा परिणाम मोठा झाला. भारतीय टीम टेस्ट खेळू शकते, हे गिलिगनला पटलं. त्याने इथल्या मंडळींना स्वतःचं बोर्ड उभं करायचा सल्ला दिला. १९२८ मध्ये बीसीसीआय स्थापन झालं आणि चार वर्षांत भारत लॉर्ड्सवर होता.

टेस्टच्या आदल्या रात्री

आपल्याला क्रिकेट किती येतं, हे पोरबंदरच्या महाराजांना प्रामाणिकपणे माहीत होतं. ते स्वतःहून बाजूला झाले. लिंबडीचे घनश्यामसिंहजी दुखापतीमुळे खेळू शकत नव्हते. त्यामुळे कॅप्टनपद सीकेंकडे आलं.

यावर काही खेळाडू नाराज झाले. राजघराण्याबाहेरच्या माणसाच्या हाताखाली खेळायला ते तयार नव्हते. शिवाय सीकेंची शिस्त कडक आणि स्वभावही मोकळाढाकळा नव्हता. टेस्टच्या आदल्या रात्री हे खेळाडू महाराजांकडे गेले, पण महाराज बधले नाहीत.

२५ जून १९३२ ला टेस्ट सुरू झाली. काही दिवसांपूर्वीच यॉर्कशायरसाठी ५५५ रनची ओपनिंग पार्टनरशिप करणारे होम्स आणि सटक्लिफ यांच्या दांड्या मोहम्मद निसारने उडवल्या. इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. फिल्डिंग करताना सीकेंच्या हाताला लागलं, तरी भारताच्या पहिल्या डावातले सर्वाधिक ४० रन त्यांचेच होते. भारत १५८ रननी हरला, पण लाज जाईल असं काही घडलं नाही. त्या दौऱ्याच्या जोरावर १९३३ मध्ये विस्डेनने सीकेंना वर्षातल्या पाच क्रिकेटरांमध्ये निवडलं.

तरी राजेशाही संपली नव्हती. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर कॅप्टनपद विजयनगरमच्या महाराजकुमारांना, म्हणजे विझींना मिळालं. सीके साधे खेळाडू म्हणून गेले. ओव्हलवर गबी ॲलनचा बॉल अंगावर बसला, तरी ते मैदानातून हलले नाहीत आणि ८१ रन काढले. टेस्टमधला तोच त्यांचा शेवटचा डाव ठरला. ७ टेस्ट, ३५० रन, एवढाच हिशोब.

राजाच्या पगारावरची टीम

गंमत म्हणजे ज्या राजेशाहीने सीकेंना अडवलं, तिच्यावरच त्यांचं घरही चालत होतं. तेव्हा क्रिकेटरांना बोर्डाचा करार वगैरे काही नसायचा. १९२३ मध्ये इंदूरच्या होळकरांनी सीकेंना बोलावून आपल्या फौजेत कॅप्टन केलं. पुढे मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर असे खेळाडू होळकर टीमकडून खेळले. हुद्दा फौजेतला, काम क्रिकेटचं.

या टीमने १९४४-४५ पासून ११ मोसमांत रणजीच्या १० फायनल गाठल्या आणि ४ जिंकल्या. १९४५-४६ मध्ये बडोद्याविरुद्ध सीकेंनी २०० रन काढले तेव्हा त्यांचं वय ५० होतं. पुढे एकदा बाउन्सरने दात पडले, तर ते बाजूला सारून त्यांनी बॅटिंग चालू ठेवली.

पण संस्थान विलीन झालं आणि काही वर्षांत होळकर टीमचं नावही रणजीतून गेलं. जर्मनीतला बायर्न म्युनिक १९०० मध्ये सुरू झाला आणि दोन महायुद्धं होऊनही टिकला, कारण तो सभासदांचा क्लब होता. होळकर टीम राजाची होती. राज्य गेलं, तशी टीम गेली.

सीके मात्र थांबले नाहीत. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि त्यानंतर वयाच्या ६१ व्या वर्षी ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदुरात त्यांचं निधन झालं.

बीसीसीआयचा जीवनगौरव पुरस्कार आज सी. के. नायडूंच्या नावाने दिला जातो. ज्युनिअर पोरांच्या राष्ट्रीय स्पर्धेलाही त्यांचंच नाव आहे आणि नागपुरात व्हीसीएच्या जुन्या स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा उभा आहे. १९३२ च्या त्या रात्री ज्यांना कॅप्टन म्हणून सीके नको होते, त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत.