केडगावच्या रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. स्त्रीशिक्षणाच्या धड्यात त्यांच्या वाट्याला चार-पाच ओळी येत. संस्कृत विदुषी, आर्य महिला समाज, शारदा सदन, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, एवढे पाठ केले की परीक्षेपुरते काम भागे. केडगावचे नाव आलेच तर शेवटच्या ओळीत. पण पुण्याहून दौंडकडे जाताना लागणाऱ्या या गावीच त्यांच्या आयुष्याची अखेरची सुमारे पंचवीस वर्षे गेली, आणि त्यांचे सर्वांत मोठे काम तिथेच उभे राहिले.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे पंडित. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला होता. आई लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना शिकवले. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरत असे. १८७४ च्या सुमारास उपासमारीने आधी वडील गेले, मग आई, आणि पुढे थोरली बहीणही. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई उपाशीपोटी मैलोन् मैल चालत राहिले. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ज्या मुलीला सभेत मान मिळत होता, तिला भूक म्हणजे काय हे ऐकून नव्हे, सोसून ठाऊक होते. पुढचे सारे काम समजून घेताना हे लक्षात ठेवावे लागते.

भाऊ १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी आंतरजातीय विवाह केला. दोन वर्षांच्या आतच पतीचेही निधन झाले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत गेल्या आणि तिथे उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या स्थितीवर पुस्तक लिहून, व्याख्याने देऊन मदत उभी केली. बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे खर्च देण्याचे मान्य केले. अट एकच होती : शाळेत धर्मप्रचार नको.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. इथे शिकलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. पण काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई त्यांच्याच शहरात एकट्या पडल्या.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी अनाथालये, मदतकामाच्या छावण्या त्यांनी पाहिल्या. भुकेल्या मुलींना फसवून नेणारी माणसे तिथे वावरत होती, हेही त्यांच्या ध्यानात आले. सुमारे ३०० मुली आणि स्त्रियांना त्यांनी सोबत आणले. या मुली वेगळ्या होत्या. बहुतेक खेड्यांतल्या, सर्व जातींच्या, अक्षरओळख नसलेल्या, आजारी. ‘उच्चवर्णीय विधवांची शाळा’ ही चौकट त्यांना पुरणारी नव्हती. त्यातच पुण्यात प्लेग आला आणि शहरात नव्या मुली ठेवायला मनाई झाली. शारदा सदनाला पुढेमागे उत्पन्न व्हावे म्हणून केडगावला फळबागेसाठी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्ती सदन.

१९०० मध्ये गुजरात आणि राजपुतान्यातल्या दुष्काळामुळे संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. तीन-चार वर्षांत सहापट! कोणतीही व्यवस्था एवढ्या वेगाने वाढली की ती कोलमडते, हे माझ्या व्यवसायात रोज दिसते. केडगाव कोलमडले नाही, कारण ते केवळ अन्नछत्र नव्हते. विहिरी खोदल्या गेल्या, भाजीपाला पिकू लागला, गाईगुरे आली. कापड विणणे, शिवण, तेलाचा घाणा, धुलाई, छापखाना ही सारी कामे स्त्रिया शिकल्या आणि त्यांनीच चालवली. आधी आलेली मुलगी नंतर आलेल्या मुलीला सांभाळी आणि शिकवी. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले. अंध स्त्रियांना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकवली.

केडगाव मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. १८९९ मध्ये तिथे चर्चची पायाभरणी झाली आणि असंख्य मुलींनी बाप्तिस्मा घेतला. आश्रयाला आलेल्या मुलीला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक कितपत असते, हा टीकाकारांचा प्रश्न आजही झटकून टाकता येत नाही. पण त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवावा लागतो : त्या छावण्यांत जाऊन या मुलींना हाताला धरून आणणारे आणखी किती जण होते? मला वाटते, रमाबाईंना समजून घ्यायचे तर दोन्ही प्रश्न एकदम हातात धरावे लागतील. पाठ्यपुस्तकाला ते अवघड गेले, म्हणून त्याने केडगाव एका ओळीत आटोपले.

उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलचे मराठी भाषांतर करू लागल्या. जिला संस्कृतची पंडिता म्हणून गौरवले, तिने खेड्यातल्या बाईला कळावी म्हणून जड संस्कृत शब्द मुद्दाम टाळले. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी हे काम केडगावच्या स्त्रियांनीच केले. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. ज्या मुलीच्या हाती संस्था सोपवायची होती, तीच आधी गेली. तरीही भाषांतराचे काम त्यांनी तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांनी देह ठेवला.

संस्था आजही चालू आहे. अनाथ मुली, निराधार आणि अंध स्त्रिया यांना तिथे घर मिळते. आपल्यापैकी अनेक जण सोलापूरच्या गाडीने कितीदा तरी केडगाव ओलांडून गेले असतील. पुढच्या वेळी मुलांना खिडकीतून ते स्टेशन दाखवा आणि धड्यात नसलेल्या रमाबाईंची गोष्ट सांगा.