विल्हेल्म मायबाख

विल्हेल्म मायबाख (९ फेब्रुवारी, १८४६:हाइलब्रोन, व्युर्टेंबर्ग - २९ डिसेंबर, १९२९:श्टुटगार्ट, जर्मनी) हे जर्मन अभियंते व संशोधक होते. पेट्रोलवर चालणारी आरंभीची मोटारसायकल, जेट असलेला कार्ब्युरेटर आणि पहिली मर्सिडीज मोटार यांच्या रचनेत त्यांचा प्रमुख वाटा होता.

बालपण व शिक्षण

मायबाख दहाव्या वर्षी पोरके झाले. रॉइटलिंगेन येथील गुस्ताफ वेर्नर यांच्या अनाथाश्रमात त्यांचे पालनपोषण झाले. आश्रमाच्या यंत्रशाळेत ते आरेखन शिकले. तेथे व्यवस्थापक म्हणून आलेल्या गोटलीप डाइमलर यांनी त्यांचे कौशल्य हेरले. पुढे डाइमलर यांच्या मृत्यूपर्यंत दोघांचे सहकार्य टिकले.

कारकीर्द

१८७२ मध्ये दोघे निकोलाउस ओटो यांच्या डॉइट्झ येथील कारखान्यात रुजू झाले. १८८२ मध्ये तो सोडून त्यांनी कानश्टाट येथे डाइमलर यांच्या बागेतील काचघरात कार्यशाळा थाटली. १८८५ मध्ये त्यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर सुमारे अर्ध्या अश्वशक्तीचे इंजिन बसवले. ही दुचाकी मोटारसायकलचे आद्य रूप मानली जाते.

कार्ब्युरेटर

त्या काळी हवा पेट्रोलच्या साठ्यातून किंवा त्याच्या पृष्ठभागावरून नेऊन मिश्रण तयार करीत. पेट्रोलमधील हलके अंश आधी उडून जात व जड अंश मागे राहत. त्यामुळे साठा जसजसा कमी होई, तसतसे मिश्रण बदलत जाई. थंडीने आणि रस्त्यावरील हिसक्यांनीही त्यात फरक पडे. इंजिन अडखळल्यास दोषाचे नेमके ठिकाण शोधणे अवघड होते.

करारातील अटी मान्य नसल्याने मायबाख १८९१ मध्ये डाइमलर कंपनीबाहेर पडले. कानश्टाट येथील हेर्मान हॉटेलात त्यांनी डाइमलर यांच्या आर्थिक साहाय्याने काम चालू ठेवले. तेथे १८९३ पर्यंत फवारा पद्धतीचा कार्ब्युरेटर सिद्ध झाला. त्यात फ्लोट पेट्रोलची पातळी स्थिर राखतो आणि हवेच्या ओढीने जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल फवारले जाते. पातळी राखणे, पेट्रोल मोजून देणे व हवा ओढून घेणे ही कामे अशा रीतीने वेगळ्या भागांकडे गेली. हंगेरीतील दोनात बांकी व यानोश चोंका यांनीही त्याच वर्षी याच तत्त्वावरील कार्ब्युरेटरचे पेटंट घेतले. त्यामुळे शोधाचे श्रेय एकट्या मायबाख यांना देता येत नाही.

उत्तरायुष्य

१८९५ मध्ये मायबाख तांत्रिक संचालक म्हणून कंपनीत परतले. १९०० मध्ये डाइमलर यांचे निधन झाले. त्याच वर्षी मायबाख यांनी ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजची रचना पूर्ण केली. कंपनीतील स्थान डळमळीत झाल्याने १९०७ मध्ये त्यांनी ती कायमची सोडली. १९०९ मध्ये त्यांचे पुत्र कार्ल यांच्यासह झेपेलिन विमाननौकांसाठी इंजिने बनवणाऱ्या कारखान्याच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला. १९१६ मध्ये श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

वारसा

मंद गतीचे जेट व सुई हे भाग कार्ब्युरेटरमध्ये पुढे आले, परंतु फ्लोट व जेट यांचे तत्त्व टिकून राहिले. भारतातील राजदूत, येझ्दी व जुन्या बुलेट मोटारसायकली त्यावरच चालत. अकलूजसारख्या गावातील गॅरेजपासून महानगरांतील गॅरेजपर्यंत या गाड्यांचा दोष शोधण्याची रीत या विभागणीवरच आधारलेली आहे. इंजिन मंद गतीला बंद पडत असल्यास पायलट जेट व हवेचा स्क्रू, मधल्या गतीला अडखळत असल्यास सुई, तर थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर दम तुटत असल्यास मुख्य जेट व फ्लोटची पातळी तपासतात. स्पार्क प्लगवरील कोरडी काजळी बहुधा अधिक पेट्रोलाची, तर पांढरट छटा कमी पेट्रोलाची खूण मानली जाते. १ एप्रिल, २०२० रोजी भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा मुख्यतः फ्युएल इंजेक्शनने घेतली.