अंकुराची वाढ

मृगाचा पाऊस पडला, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोहाच्या बिया रुजू लागतात. आज जमिनीवर बी दिसते. काही दिवसांनी तेथे कोवळा अंकुर दिसतो. पण तो अंकुर वाढत असताना तुम्ही कधी पाहिला आहे का? नाही ना? ही वाढ इतकी सावकाश होते, की आपल्या डोळ्यांना ती दिसतच नाही. एका माणसाने मात्र १९१२ साली ती लोकांना पडद्यावर दाखवली. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. सगळे त्यांना दादासाहेब फाळके म्हणतात.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. दादासाहेबांना लहानपणापासून चित्रकलेची आवड होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. फोटो काढणे, छपाई करणे, जादूचे प्रयोग करणे, अशा अनेक कला त्यांनी आत्मसात केल्या.

त्या काळी लोकांना पडद्यावरची चित्रे अगदीच नवी नव्हती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर दाखवली होती. त्या खेळाला ते 'शांबरिक खरोलिका' म्हणत. पुढे १८९६ मध्ये मुंबईत फ्रान्सहून आलेला सिनेमा दाखवला गेला.

१९११ च्या सुमारास दादासाहेबांनी मुंबईत येशू ख्रिस्तांच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. आपल्या देशातल्या कथाही अशाच पडद्यावर याव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले. तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. हाताशी पैसा नव्हता. तरी ते रोज सिनेमे पाहत, घरी प्रयोग करत. झोप पुरेशी मिळेना. डोळ्यांवर इतका ताण पडला, की काही काळ त्यांना दिसेनासे झाले! चित्रे दाखवू पाहणाऱ्या माणसाची नजरच गेली होती. सुदैवाने उपचारांनी ती परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथे त्यांनी हे तंत्र शिकून घेतले आणि कॅमेरा विकत आणला.

पण चित्रपटासाठी पैसे कोण देणार? लोकांचा विश्वास बसण्यासाठी काहीतरी करून दाखवायला हवे होते. दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाणे पेरले. कुंडीसमोर कॅमेरा ठेवला. महिनाभराहून अधिक काळ ते ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपत राहिले. घाई करून चालणार नव्हते. मग ती चित्रे त्यांनी एकापाठोपाठ एक वेगाने दाखवली. चित्रे भराभर पुढे सरकली, की आपला मेंदू त्यांना जोडून घेतो आणि स्थिर चित्र हलताना दिसते. पाहणाऱ्यांसमोर अवघ्या मिनिटाभरात बी रुजले, अंकुर फुटला आणि वेल वर चढला! या छोट्या चित्रपटाचे नाव 'अंकुराची वाढ'. तो पाहून दादासाहेबांना कर्ज मिळाले.

तरीही पैसे पुरेनात. तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. दिवसा त्या चित्रपटाच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करत आणि रात्री अंधारात फिल्मला छिद्रे पाडत. ही छिद्रे नसतील, तर फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकतच नाही. अशा कष्टांतून 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईत प्रदर्शित झाला. तो भारताचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो.

पुढे दादासाहेबांनी 'आगकाड्यांची मौज' हा गमतीदार चित्रपट केला. आगकाडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचे. पुन्हा थोडी सरकवायची, पुन्हा चित्र घ्यायचे. पडद्यावर मात्र निर्जीव काड्या आपोआप हलू लागत! आज आपण ज्याला ॲनिमेशन म्हणतो, त्याचा भारतातला हा आरंभ होता. दुर्दैवाने हा चित्रपट आज पाहायला मिळत नाही.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतला मोठा पुरस्कार दिला जातो.

मित्रांनो, तुम्हीही एक प्रयोग करा. जुन्या वहीच्या वीस पानांच्या कोपऱ्यांवर एकेक अंकुर काढा. प्रत्येक पानावर तो आधीपेक्षा थोडासाच मोठा काढा. मग अंगठ्याने पाने भराभर सोडा. पाहा बरे, तुमचा अंकुर वाढतो का!