डोळ्यांनी साथ सोडली तरी…

गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, थेंब वेळेवर घालायचे, एवढंच आपल्या हातात. घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर त्यांच्या हातातली विळी काढून घेतली. मग गॅसजवळ जायला बंदी. मग निरांजन लावायचं काम माझ्या लेकीकडे गेलं. भिशीला त्या गल्लीच्या टोकाला चालत जायच्या, तेही बंद झालं. हे सगळं मी काळजीपोटीच केलं, आणि चारजणींनी माझं कौतुकही केलं. पण सहा महिन्यांत आमच्या आई खाटेवर बसून राहायला लागल्या. बोलणं कमी झालं. नजर अजून बरीच शिल्लक होती, पण माणूस मात्र कोपऱ्यात गेलं होतं.

एके दिवशी त्यांनी एवढंच मागितलं, की दुपारी वेळ मिळाला तर मला ‘ययाती’ वाचून दाखवशील का. मुलगी असताना वाचनालयातून आणून वाचलेलं पुस्तक. मी वाचायला बसले आणि वाचता वाचता मला आठवलं, अरे, हे पुस्तक लिहिणारा माणूस तर आपल्याच कोल्हापूरचा. आणि त्याचेही डोळे म्हातारपणी गेले होते! मग मी त्यांचं आयुष्य वाचायला घेतलं. मैत्रिणींनो, आज त्या वि. स. खांडेकरांबद्दल, म्हणजे आपल्या भाऊसाहेबांबद्दल, थोडं सांगते.

खांडेकरांचा जन्म जानेवारी १८९८ चा, सांगलीतला. मूळ नाव गणेश आत्माराम. वडील लवकर गेले आणि घरची घडी विस्कटली. मुलगा हुशार, मॅट्रिकला चांगला झळकला, पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेला. तिथे राम गणेश गडकऱ्यांचा सहवास मिळाला. पण सावंतवाडीकडच्या सखाराम खांडेकरांच्या घरी ते दत्तक गेले, गणेश आत्मारामचे विष्णू सखाराम झाले आणि कॉलेजचं शिक्षण अर्धवटच राहिलं. पदवी हातात नाही, अंगात ताकद नाही. प्रकृती नाजूक ती जन्मभर तशीच राहिली, आणि डोळेही तरुणपणापासून अधू. त्यांचा कुठलाही फोटो बघा, जाड काचांचा चष्मा आधी दिसतो.

१९२० साली ते शिरोड्याला आले. वेंगुर्ल्याजवळचं हे समुद्रकाठचं खेडं, तिथली छोटी इंग्रजी शाळा. मोठ्या शहरात नाव कमवायची स्वप्नं असलेला बावीस वर्षांचा मुलगा खेड्यात मास्तर झाला आणि थोडीथोडकी नव्हे, अठरा वर्षं तिथे राहिला. पुढे हेडमास्तरही झाला. पगार बेताचा, शाळा उभी करायची तर गावकऱ्यांच्या मदतीवर. त्याच काळात सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकात लेखन चालू होतं. १९३० साली पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ आली. त्याच वर्षी शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. गरिबी, अन्याय आणि स्वातंत्र्याची धडपड त्यांनी पुस्तकात वाचली नव्हती, दारात पाहिली होती. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ यांसारख्या कादंबऱ्यांत ती उतरली.

मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनी ‘छाया’ची कथा लिहिली. १९३६ साली आलेला हा चित्रपट गाजला. त्या वेळी कोल्हापूर म्हणजे सिनेमाचं गाव. १९३८ साली खांडेकर शिरोडं सोडून इथे आले ते कायमचेच. चाळिशीत नवं गाव, नवा व्यवसाय. १९४१ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या कादंबऱ्या गुजरातीत आणि तमिळमध्ये गेल्या, आणि तिथल्या वाचकांनी त्यांना आपलंच मानलं. तमिळ घरांमध्ये आवडीने वाचला जाणारा मराठी लेखक, ही गोष्ट आजही आपल्याला नवलाची वाटेल.

पण सगळं सुरळीत नव्हतं. १९४२ च्या ‘क्रौंचवध’नंतर पुढची कादंबरी यायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. लोकांना वाटलं असेल, संपलं आता यांचं. पन्नाशी उलटली की बाईमाणसाबद्दल घरात असंच वाटतं ना? पण नंतर ‘अश्रू’ आली, आणि १९५९ साली ‘ययाती’. तेव्हा खांडेकर एकसष्ट वर्षांचे होते.

‘ययाती’ची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. शापाने अकाली म्हातारपण आलेला राजा. त्याला म्हातारपण सोसत नाही, म्हणून तो मुलाकडे तारुण्य मागतो आणि पुरू ते देतो. देवयानी आणि शर्मिष्ठाही या कादंबरीत आपली बाजू स्वतः सांगतात, म्हणून बायकांना ती जवळची वाटते. आईंना वाचून दाखवताना माझ्या मनात एक गोष्ट आली. म्हातारपण नाकारणाऱ्या राजाची कथा लिहिणाऱ्या या माणसाने स्वतःच्या म्हातारपणाशी मात्र असं भांडण काढलं नाही. त्याने कुणाकडे तारुण्य मागितलं नाही. फक्त डोळे मागितले, आणि तेही दिवसातले काही तास, उसने.

कारण पुढे नजर गेलीच. १९६७ साली ‘अमृतवेल’ आली तेव्हा ते सत्तरीच्या दारात होते. सत्तरी ओलांडल्यावर दिसणं जवळजवळ थांबलं. ज्याचं सगळं आयुष्य अक्षरांवर उभं, त्याला अक्षरच दिसेना. तरीही काम थांबलं नाही. दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं आणि आपण सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, असा क्रम सुरू झाला. ऐकायला सोपं वाटतं, पण जरा करून बघा. अख्खं वाक्य मनात धरायचं, सांगायचं, परत वाचून घ्यायचं, चुकलं तर पुन्हा. आपल्या वेगाने नाही, समोरच्याच्या वेगाने. लाज गिळायची, परावलंबन पत्करायचं. हे शिकायला सत्तरीत मोठं मन लागतं.

आणि लोकांनीही त्यांना कोपऱ्यात बसवलं नाही. १९६८ साली पद्मभूषण मिळालं. ‘ययाती’ला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होताच, पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कारही तिलाच मिळाला. मराठीला मिळालेलं हे पहिलं ज्ञानपीठ. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरजेला ते गेले. वय अठ्ठ्याहत्तर. ‘एका पानाची कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र त्यांच्यामागून प्रसिद्ध झालं. आज शिवाजी विद्यापीठात त्यांच्या नावाचं स्मृती संग्रहालय आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जा.

आता तुम्ही म्हणाल, ते मोठे लेखक, त्यांना वाचून दाखवायला माणसं मिळाली. आपल्या घरात कोण कुणाला वाचून दाखवतंय? खरं आहे. मलाही तेच वाटलं. म्हणून याविषयी अभ्यास करणारे काय म्हणतात ते मी शोधलं. ते दोन गोष्टी वेगळ्या करतात. एक, म्हातारपणी आलेलं अपंगत्व. दुसरं, अपंगत्व सोबत घेऊन आलेलं म्हातारपण. लहानपणी पोलिओ झालेल्या अनेकांना तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा नवा थकवा आणि स्नायूंची नवी कमजोरी जाणवते. जन्मभर एका उणिवेशी जुळवून घेतलेल्या माणसाला उतारवयात दुसऱ्यांदा जुळवून घ्यावं लागतं. खांडेकरांचं असंच झालं. आधी अधू नजर, मग अंधार. पण पहिल्या वेळी शिकलेलं शहाणपण दुसऱ्या वेळी उपयोगी पडतं, हेही तितकंच खरं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अपंगत्वाचा विचार करायची एक नवी चौकट स्वीकारली. त्यात शरीरात काय बिघडलंय एवढंच बघत नाहीत. त्या माणसाला घरात, गल्लीत, समारंभात, कामात भाग घेता येतोय का, हेही बघतात. आणि नसेल येत, तर अडथळा कुठे आहे? कधी तो डोळ्यात असतो, कधी पायरीवर असतो, आणि कधी माझ्यासारख्या काळजीवाहू सुनेच्या मनात असतो! आपल्याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. व्हीलचेअरवरच्या माणसाला दया नको, काम आणि जागा हवी, हे त्यांनी आपल्याला करून दाखवलं.

आणखी एक गोष्ट मनात सलते. खांडेकरांची पुस्तकं त्यांच्या नावाने छापली जातात आणि ते योग्यच आहे. पण आंधळ्या माणसाचा दिवस उभा करायला घरात किती हात लागतात, ते मला आता कळलंय. गोळी कुठली, पायरी कुठे, ताटात भाजी कुठल्या बाजूला. हे सांगणारे हात बहुतेक घरांत बाईचेच असतात, आणि ते कुठे छापून येत नाहीत. उद्या त्याच बाईची नजर गेली तर तिला कोण वाचून दाखवणार? हा प्रश्न आपण आपल्या मुलांना आतापासून विचारायला हवा, मुलग्यांनाही.

आमच्या घरात काय बदललं ते सांगते. विळी मी परत दिली नाही, खोटं कशाला बोलू. पण शेंगा सोलणं, पीठ मळणं, लसूण निवडणं आता पुन्हा आईंकडे आहे. हे सगळं बोटांनी होतं, डोळे लागत नाहीत. न्हाणीघराच्या पायरीला पिवळा पट्टा मारला, कपाटातले डबे ठरलेल्या जागी ठेवतो, आणि ते कुणी हलवले तर आई ओरडतात. ओरडतात, हेच किती बरं! भिशी आता दर महिन्याला आमच्याच घरी भरते. नजर ठराविक मर्यादेपेक्षा कमी झाली की अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं, बहुतेक सवलतींसाठी किमान चाळीस टक्के लागतात. म्हातारपणाचंच आहे म्हणून सोडून देऊ नका, सरकारी रुग्णालयात जाऊन विचारा.

आणि दुपारचं वाचन. सोमवार, बुधवार मी वाचते. शुक्रवारी माझा मुलगा वाचतो. आधी कुरकुर करत होता, आता देवयानीवर आजीशी वाद घालतो. परवा त्याने एक पान गाळलं, लवकर सुटायला. आईंनी लगेच पकडलं. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी वाचलेलं पुस्तक, पण त्यांना सगळं पाठ! त्या दिवशी किती महिन्यांनी त्या खळखळून हसल्या.

तुमच्या घरातही खाटेवर कुणी गप्प बसलेलं असेल. आज संध्याकाळी विचारून बघा, काय वाचून दाखवू?