नामदार गोखले यांचे दारिद्र्यातील बालपण

या महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने आमच्या बेलापूरच्या धर्मग्रामातील तरुण मंडळींच्या हाती एक चरित्र ठेवावे, असे आम्हांस वाटले.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कागल येथे चाकरीस होते. १८७९ साली ते निवर्तले, तेव्हा गोपाळराव अवघे १३ वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली, आणि त्यांतील ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास धाडू लागले. उरलेल्या ७ रुपयांत घर चाले.

गोपाळराव हाताने रांधून खात व काटकसरीसाठी प्रसंगी एक वेळ उपाशी राहत. एकदा एका सोबत्याने त्यांस नाटकास नेले. आपण त्याचे पाहुणे आहोत, अशी त्यांची समजूत होती. परंतु मागाहून त्याने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळरावांनी ते निमूटपणे दिले आणि ती तूट भरून काढण्यासाठी दिव्याचे तेल बंद करून रस्त्यावरील कंदिलाखाली अभ्यास केला.

१८८१ साली ते मॅट्रिक झाले. आता आपणही नोकरी धरावी, असे त्यांच्या मनात आले. परंतु बंधूंनी ऐकले नाही, आणि वहिनींनी आपले दागिने पुढे केले. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. घराची आशा मोठ्या पगाराकडे लागली असता त्यांनी बंधूंची संमती मिळवून पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दरमहा ७५ रुपयांवर आजीव सेवा पत्करली.

पुढे १९११ साली त्यांनी वरिष्ठ कायदे मंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ साली ते फेटाळले गेले, आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले दिवंगत झाले. शिक्षण हा बालकांचा मूलभूत हक्क म्हणून राज्यघटनेत येण्यास २००२ साल उजाडले.

दारिद्र्य माणसास थोर करते, असे म्हणण्यास आम्ही धजत नाही. घर एकच, विपत्तीही एकच. तरी एका भावाचे शिक्षण पूर्ण झाले, आणि दुसऱ्याचे कायमचे थांबले. गोपाळरावांस गरिबीने नव्हे, तर ती स्वतःच्या खांद्यावर घेणाऱ्या माणसांनी घडविले. हे ऋण विसरले नाही, म्हणूनच त्यांस परक्यांच्या मुलांची चिंता लागली.

आमच्या प्रवराकाठच्या घरांतही असे गोविंदराव आहेत. कोठे ऊसतोडीस गेलेला थोरला भाऊ, तर कोठे धाकट्यांसाठी शाळा सोडलेली बहीण. शिकलेल्या तरुणांनो, तुमच्या घरी कोणाची पाटी फुटली, हे एकदा विचारा. आणि वडीलधाऱ्यांनो, ती फुटू नये म्हणून शेजाऱ्याच्या मुलाची फी भरण्यास हात पुढे करा, एवढीच आमची नम्र विनंती.