चामड्यावर नक्षी उठवणारे रथींद्रनाथ

हाटपिपल्या : इंदूरची चामड्याची खेळणी आपल्या भागाला नवी नाहीत. तिकडं बंगालमध्ये चामड्यावरच्या नक्षीकामाला मान मिळाला, तो रवींद्रनाथ टागोरांचे चिरंजीव रथींद्रनाथ यांच्यामुळं. जन्म १८८८ चा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शेतीचं शिक्षण घेतलं, पण हात रमला लाकूडकामात अन् चामड्यात. चामड्याला शिवणंही कमीपणाचं मानलं जायचं, त्या काळात जमीनदाराघरचा हा माणूस ओलसर चामड्यावर नक्षी दाबून उठवायचा, रंगवायचा. पत्नी प्रतिमादेवीही सोबत असत. ही हौस घरापुरती राहिली नाही. १९२२ मध्ये सुरू झालेल्या श्रीनिकेतनात हे काम गावकऱ्यांना शिकवलं गेलं. १९५१ मध्ये रथींद्रनाथ विश्वभारतीचे पहिले कुलगुरू झाले, १९६१ मध्ये वारले. शांतिनिकेतनी पर्स-पिशव्यांवर आजही तिथल्या कारागिरांची चूल पेटते.