कॅरीसाहेबांची डेझी

पावसाळा सरला कीं आपल्यापैकीं कित्येकांच्या अंगणांत ॲस्टर, फ्लॉक्स, पिटुनिया इत्यादि हंगामी फुलांचीं रोपें लावण्याची लगबग सुरू होते. १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापून काढणारे डॉ. विल्यम कॅरी हे याच उद्योगांत किती रमत असत, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असेल.

त्यांचा जन्म १७६१ सालीं इंग्लंडांत पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. वडील विणकर, पुढें गांवचे पंतोजी झाले. चुलते माळीकाम करीत; त्यांच्या सहवासांत मुलास झाडांचा छंद जडला. बागेंत व शेतांत राबावें, तर कातडीच्या विकारामुळें ऊन सोसेना. म्हणून चांभाराच्या हाताखालीं उमेदवारी पत्करावी लागली. विलायतेचें ऊन ज्यास बाधे, तो पुढें चाळीस वर्षें बंगालच्या उन्हांत राहिला, हें नवलच!

१७९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले व १८०० पासून श्रीरामपुरास स्थायिक झाले. शास्त्राचीं भाषांतरें, छापखाना, शिवाय कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली, संस्कृत व मराठी यांचें अध्यापन, एवढ्या व्यापांतही त्यांनीं सुमारें पांच एकरांची बाग उभी केली. विलायतेच्या स्नेह्यांकडे त्यांचें मागणें बहुधा बियांचें असे.

एकदां अशीच बियांची एक पिशवी आली. एकही बीं वायां जाऊं नये म्हणून रिकामी पिशवी त्यांनीं सावलींतल्या मातीवर झटकली. थोड्या दिवसांनीं पाहतात तों तेथें इंग्लंडच्या कुरणांतली डेझी उगवलेली! मायभूमि सोडून पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता; तें फूल पुन्हा दृष्टीस पडेल अशी आशाच त्यांनीं सोडली होती. पंडित म्हणून गाजलेला हा गृहस्थ त्या इवल्या रोपापुढें मूल झाला.

इंग्लंडांत डेझी वर्षानुवर्षें जगते. बंगालच्या हवेंत ती टिकेना. तेव्हां कॅरीसाहेबांनीं तिला हंगामी फुलझाडाप्रमाणें वागविलें. फुलांचें बीं धरावें, जपून ठेवावें, पुढील सालीं पुन्हा पेरावें. एक साल चुकलें कीं वंश बुडाला! आपण चार-सहा पानांचें रोप वाफ्यांतून काढतों, मुळांभोंवतींच्या मातीसह सायंकाळीं लावतों, दोन-चार दिवस सावली धरतों, तेंही याच जातीचें काम. (आमचे विद्यार्थी मात्र नेमकी माती झटकून टाकतात.)

१८२० सालीं त्यांनीं कलकत्त्यास शेतकी व बागाईत यांसाठीं मंडळी स्थापिली. १८२३ च्या महापुरानें त्यांच्या बागेची धूळधाण केली. साठी उलटलेल्या कॅरीसाहेबांनीं ती पुन्हा लावली. आपल्या सह्याद्रींतला कुंभा शास्त्रांत कॅरिया आर्बोरिया म्हणून ओळखला जातो, तो यांच्याच नांवावरून.

अखेरच्या आजारांत त्यांना खुर्चींत बसवून बागेंत नेत. तेंही होईना तेव्हां मुख्य माळ्यास खोलींत बोलावून ते झाडांची खुशाली विचारीत. आपल्यामागें सहकारी मार्शमनसाहेब बागेंत गुरें सोडतील, अशी धास्ती त्यांनीं एकदां बोलून दाखविली. मार्शमनसाहेबांनीं तसें कदापि होणार नाहीं असें आश्वासन दिलें. ९ जून १८३४ रोजीं कॅरीसाहेब निवर्तले.